आफ्रिकेचे विसावे शतक वाचायचे तर लेखकांआधी नियतकालिके वाचावीत

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: नायजेरियाचे अचेबे व सोयिंका, केनियाचे न्गुगी यांच्या कादंबऱ्या-नाटके वाचून झाली, वसाहतवादाचा टीकाकार फॅननही थोडाफार वाचला, पण विसाव्या शतकातील आफ्रिकेचे बौद्धिक जीवन समग्रपणे समजून घ्यायचे तर सुरुवात कोठून करावी? आणि त्याला जोडलेली शंका अशी की, हे बहुतेक लेखक युरोपीय भाषांत लिहीत होते, युरोपीय धर्तीच्या विद्यापीठांत शिकले होते, त्यांची पुस्तके लंडन-पॅरिसला निघत होती; मग याला आफ्रिकेचे बौद्धिक जीवन म्हणायचे तरी कशाच्या आधारावर?

हा विषय पदव्युत्तर वर्गांना शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत. विद्यार्थी लेखकांच्या नावांची यादी घेऊन येतात आणि प्रत्येक लेखकाला सुटा सुटा वाचतात, त्यामुळे हे लेखक एकमेकांशी बोलत होते, भांडत होते, एकमेकांची हस्तलिखिते तपासत होते ही गोष्ट त्यांच्या लक्षातच येत नाही. म्हणून माझा सल्ला असा असतो की, आधी नियतकालिके, छापखाने आणि विद्यापीठांचे विभाग पाहावेत: कोणता मजकूर कोठे छापला गेला, कोणत्या भाषेत, त्याचा खर्च कोणी उचलला आणि छापायचे की नाही हे कोणी ठरवले. तुमच्या शंकेचे उत्तरही तेथेच मिळते. पैसा पुष्कळदा बाहेरचा होता, हे खरेच आहे. पण त्या पैशावर काय छापायचे हे अनेक ठिकाणी आफ्रिकेतील संपादकांनी ठरवले, आणि शतकाच्या अखेरीस या जगाचे जे मोठे नुकसान झाले ते परक्या पैशामुळे होण्यापेक्षा स्वतःचे छापखाने आणि विद्यापीठे कंगाल झाल्यामुळे झाले, असे मी मानते.

सुरुवात 1958 साली प्रसिद्ध झालेल्या अचेबेच्या पहिल्या कादंबरीपासून करू नये, निदान पन्नास वर्षे मागे जावे. योरुबा समाजातील पाद्री सॅम्युएल जॉन्सन यांनी योरुबांचा विस्तृत इतिहास 1897 मध्ये लिहून पूर्ण केला. ते हस्तलिखित लंडनला प्रकाशकाकडे गेले आणि तेथे गहाळ झाले. जॉन्सन 1901 मध्ये वारले. त्यांचे भाऊ ओबादाया जॉन्सन, जे पेशाने डॉक्टर होते, त्यांनी उरलेली टिपणे आणि कच्चे खर्डे जुळवून संपूर्ण ग्रंथ पुन्हा लिहून काढला. 1916 मध्ये तो ज्या जहाजाने इंग्लंडला निघाला ते जहाज महायुद्धात जर्मनांनी पकडले आणि अमेरिकेच्या किनाऱ्यावर नेले. ग्रंथ शेवटी 1921 मध्ये छापून निघाला आणि आजही योरुबा इतिहासाचा कोणताही अभ्यासक त्याला वळसा घालून पुढे जाऊ शकत नाही. छापखाना दूर असणे म्हणजे काय, हे समजावून सांगायला मला याहून चांगले उदाहरण सापडलेले नाही.

छापखाना जवळ असला म्हणजे प्रश्न सुटत असे असेही नाही. आजच्या लेसोथोमध्ये मोरिजा येथे फ्रेंच प्रॉटेस्टंट मिशनचा छापखाना होता आणि तेथून सेसोथो भाषेत वर्तमानपत्र निघत असे. थॉमस मोफोलो याच मिशनच्या शाळेत शिकला, याच छापखान्याच्या कामात होता, आणि त्याची पहिली कादंबरी याच वर्तमानपत्रातून क्रमशः येऊन 1907 मध्ये पुस्तकरूपाने निघाली. त्यानंतर त्याने झुलू राजा शाका याच्यावर जी कादंबरी लिहिली, तिचे हस्तलिखित 1910 च्या सुमारास मिशनकडे होते. पण ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या चालीरीती, मांत्रिक आणि भविष्यवेत्ते यांचे इतके जिवंत चित्रण वाचून लोक पुन्हा जुन्या श्रद्धांकडे वळतील, अशी काही मिशनऱ्यांना धास्ती वाटली आणि ती 1925 पर्यंत पडून राहिली. दक्षिण आफ्रिकेतील सॉल प्लाटये याची कथाही फार वेगळी नाही. 1912 साली स्थापन झालेल्या, पुढे आफ्रिकन नॅशनल काँग्रेस म्हणून ओळखल्या गेलेल्या संघटनेचा हा पहिला सरचिटणीस पत्रकार होता, शेक्सपिअरची नाटके सेत्स्वाना भाषेत आणत होता, आणि त्याची इंग्रजी कादंबरी लिहून झाल्यावर सुमारे दहा वर्षांनी, 1930 मध्ये, लव्हडेल येथील मिशनच्या छापखान्यातून निघाली. म्हणजे आफ्रिकी भाषांतील लेखन हे 1960 नंतर कोणाला सुचलेले बंड नव्हते; ते आधीपासून होते, फक्त त्याच्या किल्ल्या मिशनकडे होत्या.

दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रेंच वसाहतींतील तरुणांसाठी केंद्र झाले ते पॅरिस, आणि तेथे आलिऊन द्योप या सेनेगाली गृहस्थाने 1947 मध्ये ‘प्रेझांस आफ्रिकेन’ हे नियतकालिक काढले. दोन वर्षांत त्याची प्रकाशनसंस्थाही झाली. द्योप स्वतः फार लिहीत नसे, आणि कदाचित म्हणूनच साहित्येतिहासात त्याला दोन ओळींत उरकले जाते. माझ्या मते हा अन्याय आहे. सेनेगालचा सेंघोर आणि कॅरिबियनमधील मार्तिनिकचा सेझेर यांची कविता ज्या वाचकवर्गापर्यंत पोहोचली तो वर्ग एकत्र आणण्याचे काम या संपादकाने केले. 1956 च्या सप्टेंबरमध्ये सोरबोन विद्यापीठात त्याने कृष्णवर्णीय लेखक-कलावंतांची पहिली परिषद भरवली, तिचे वृत्तांत मुद्दाम वाचण्यासारखे आहेत, कारण तेथे एकमत असे जवळजवळ कशावरच झाले नाही. सेझेरने वसाहतवाद आणि संस्कृती यांवर बोलताना अमेरिकेतील कृष्णवर्णीयांची स्थितीही एका अर्थी वसाहतीचीच आहे असे सुचवले, तेव्हा अमेरिकी प्रतिनिधी अस्वस्थ झाले. अमेरिकी सरकारने पासपोर्ट नाकारलेले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांचा संदेश सभेत वाचला गेला, आणि त्यात, आज जो अमेरिकी कृष्णवर्णीय परदेशी जाऊ शकतो त्याला सरकारच्या मर्जीतलेच बोलावे लागते, अशा अर्थाचा टोला होता. समोर बसलेल्या शिष्टमंडळाची त्यावर काय अवस्था झाली असेल हे सांगायला नको. फॅनन याच परिषदेत वंशवादावर बोलला. त्याची पुढची पुस्तके वाचण्याआधी हे भाषण वाचले तर तो कोणाशी वाद घालतो आहे हे नीट कळते.

याच प्रकाशनसंस्थेने 1954 मध्ये शेख आंता द्योप याचे प्राचीन इजिप्तवरील पुस्तक काढले. (आलिऊन आणि शेख आंता या दोन द्योपांची गल्लत विद्यार्थी हमखास करतात.) प्राचीन इजिप्तची संस्कृती ही आफ्रिकी आणि कृष्णवर्णीय संस्कृती होती, हे त्याचे प्रतिपादन पॅरिसच्या विद्वानांना मानवणारे नव्हते, त्याला डॉक्टरेट 1960 मध्ये मिळाली, तीही अशा श्रेणीत की अध्यापनाची दारे बंदच राहावीत. गंमत म्हणजे, तो मायदेशी परतला तेव्हा सेनेगाल स्वतंत्र झालेला होता आणि राष्ट्राध्यक्षपदी आफ्रिकी संस्कृतीचा गौरव गाणारा कवी सेंघोर होता. तरीही डाकार विद्यापीठात इतिहास शिकवण्याची संधी शेख आंता द्योपला 1981 पर्यंत मिळाली नाही. तो विरोधी पक्षाचे राजकारण करत होता हे त्यामागचे एक कारण. मधल्या काळात त्याने डाकारच्या संशोधनसंस्थेत रेडिओकार्बन कालमापनाची प्रयोगशाळा उभी केली. त्याचे भाषाशास्त्रीय निष्कर्ष आज बहुतेक इजिप्तविद्यातज्ज्ञ जसेच्या तसे स्वीकारत नाहीत, आणि माझ्या मते त्यांतील काही खरोखरच टिकत नाहीत. पण इजिप्तला आफ्रिकेपासून तोडून शिकवण्याची जी रीत होती तिला त्याने जाब विचारला, आणि 1974 मध्ये युनेस्कोला कैरोत या प्रश्नावर परिसंवाद भरवावा लागला. 1986 मध्ये तो वारला आणि पुढच्याच वर्षी ज्या विद्यापीठाने त्याला दूर ठेवले होते त्याला त्याचे नाव देण्यात आले.

इतिहासलेखनाचा खरा पाया मात्र इबादानला घातला गेला. नायजेरियातील हे महाविद्यालय 1948 मध्ये लंडन विद्यापीठाच्या छत्राखाली सुरू झाले. केनेथ ऑन्वुका डिके यांचा नायजर नदीच्या मुखप्रदेशातील व्यापार आणि राजकारण यांवरचा ग्रंथ 1956 मध्ये आला आणि त्यात प्रथमच किनाऱ्यावरची आफ्रिकी राज्ये ही स्वतःचे हिशेब असलेली, सौदे करणारी, डावपेच लढवणारी सत्ताकेंद्रे म्हणून उभी राहिली. डिके यांचे मला सर्वांत मोलाचे वाटणारे काम मात्र ग्रंथलेखनाबाहेरचे आहे. वसाहतकालीन सरकारी दफ्तरे जिल्ह्याजिल्ह्यांत वाळवीच्या तोंडी पडली होती. त्यांची पाहणी करून, सरकारच्या मागे लागून त्यांनी नायजेरियाचे राष्ट्रीय अभिलेखागार उभे करवले. कागद हाताशी आल्यावर इतिहासकार अजायी आणि त्यांचे सहकारी यांची पिढीच्या पिढी त्यांवर प्रबंध लिहू शकली. वसाहतवाद हा आफ्रिकेच्या दीर्घ इतिहासातील एक प्रसंग आहे, सबंध इतिहास नव्हे, ही अजायी यांची मांडणी याच भक्कम कागदपत्री कामातून आली. ऑक्सफर्डचे इतिहासकार ह्यू ट्रेव्हर-रोपर 1963 मध्ये आफ्रिकेत युरोपीयांचाच काय तो इतिहास आहे, बाकी सारा अंधार, असे म्हणाले तेव्हा डिके यांचा ग्रंथ बाजारात येऊन सात वर्षे झाली होती.

ज्यांच्याकडे लिखित दफ्तर नव्हते अशा समाजांचे काय, हा प्रश्न पूर्व आफ्रिकेत बेथवेल ओगोट यांनी घेतला. दक्षिणेकडील लुओ लोकांचा त्यांचा इतिहास 1967 मध्ये निघाला. कुळांच्या वंशावळी आणि स्थलांतराच्या कथा निरनिराळ्या गावांतून गोळा करायच्या, त्या एकमेकींशी ताडून पाहायच्या आणि पिढ्यांच्या हिशेबाने काळ बसवायचा, अशी ती पद्धत. तिच्यात धोके आहेत. राज्यकर्ते कुळ आपली वंशावळ लांबवते, हरलेले कुळ कथेतून नाहीसे होते, आणि छापील पुस्तक एकदा गावात पोहोचले की पुढचा सांगणारा त्या पुस्तकातलेच परत सांगू लागतो. अभ्यासकांना हे धोके ठाऊक होते आणि त्यावर त्यांनी आपसांत कडाडून टीकाही केली. मालीचे अमादू हाम्पाते बा यांचे, वृद्ध मेला की ग्रंथालय जळते, अशा आशयाचे वाक्य सर्वत्र उद्धृत होते, पण त्या वाक्यामागची ही किचकट मेहनत फारशी कोणी वाचत नाही.

आता पैशाचा मुद्दा. जून 1962 मध्ये युगांडातील मकेरेरे येथे इंग्रजीत लिहिणाऱ्या आफ्रिकी लेखकांची परिषद भरली. अचेबे, सोयिंका, ओकिग्बो, क्लार्क, दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेले म्फाहलेले आणि न्कोसी, शिवाय अमेरिकेहून लँगस्टन ह्यूज असे सगळे तेथे होते. विद्यार्थिदशेत असलेल्या न्गुगीने आपले हस्तलिखित अचेबेच्या हाती दिले ते येथेच. स्वाहिलीचे थोर कवी शाबान रॉबर्ट आणि योरुबा कादंबरीकार फागुन्वा हे दोघेही त्या वेळी हयात होते, पण परिषद इंग्रजीची असल्यामुळे त्यांना स्थान नव्हते, आणि न्गुगीने पुढे आयुष्यभर याच विसंगतीवर बोट ठेवले. परिषदेमागे काँग्रेस फॉर कल्चरल फ्रीडम ही संस्था होती. कंपालाहून निघणारे ‘ट्रान्झिशन’ आणि इबादानचा म्बारी क्लब हे लेखक-कलावंतांचे मंडळ यांनाही तिची मदत होती. 1966-67 मध्ये उघड झाले की या संस्थेमागे अमेरिकेच्या सीआयएचा पैसा होता. याच संस्थेच्या भारतीय शाखेचे ‘क्वेस्ट’ मुंबईहून निघत होते आणि त्याचे पहिले संपादक निसिम इझिकेल होते, हे लक्षात घेतले तर ही गोष्ट आपल्यापासून फार दूरची नाही हे कळेल.

यावरून ‘ट्रान्झिशन’ हे सीआयएचे मुखपत्र होते असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि अनेकांनी तो काढलाही. पण अंक उघडून पाहिले तर तो टिकत नाही. संपादक रजत नियोगी हा कंपालात जन्मलेला बंगाली तरुण होता. 1961 मध्ये त्याने हे नियतकालिक काढले आणि त्याचा वाचकांच्या पत्रांचा विभाग हा त्या काळातील आफ्रिकेतला सर्वांत धारदार चव्हाटा झाला. नायजेरियन समीक्षक ओबी वाली याने युरोपीय भाषांतले आफ्रिकी साहित्य हा बंद रस्ता आहे असा हल्ला चढवला तो याच नियतकालिकातून, म्हणजे मकेरेरेच्या परिषदेवरची सर्वांत कडवी टीका परिषदेला पैसा पुरवणाऱ्यांच्याच मदतीने चालणाऱ्या पानांवर आली आणि तिला उत्तरेही तेथेच छापली गेली. घानाचे एन्क्रुमा यांची सत्ता 1966 मध्ये उलथली तेव्हा राज्यशास्त्रज्ञ अली मझरुई यांनी त्यांची तुलना एकाच वेळी लेनिन आणि झारशी करणारा लेख येथे लिहिला आणि महिनोन्महिने रणकंदन माजले. शेवटी नियतकालिकाचा गळा धरला तो युगांडाच्या सरकारने. देशाची राज्यघटना आणि न्यायाधीशांच्या नेमणुका यांवर टीका करणारा मजकूर छापल्याबद्दल ऑक्टोबर 1968 मध्ये नियोगी आणि खासदार अबू मायांजा यांना अटक झाली. राजद्रोहाचा आरोप न्यायालयात टिकला नाही, तरी सुटका लगेच झाली नाही. नियोगी देश सोडून गेला, ‘ट्रान्झिशन’ घानाला हलले, काही काळ सोयिंकाने ते चालवले आणि 1976 मध्ये ते बंद पडले.

दुसऱ्या, म्हणजे सोव्हिएत गोटाची व्यवस्थाही होतीच. 1958 मध्ये ताश्कंदला आफ्रो-आशियाई लेखकांची परिषद झाली आणि तिच्यातून उभ्या राहिलेल्या संघटनेने 1968 पासून कैरोहून ‘लोटस’ हे नियतकालिक अरबी, इंग्रजी व फ्रेंच भाषांत चालवले. युरोपीय भाषांतील आवृत्त्या पूर्व जर्मनीत छापल्या जात. न्गुगी आणि ओस्मान सेंबेन यांना ‘लोटस’ पुरस्कार मिळाले. माझे प्रामाणिक मत विचाराल तर संपादकीय धार ‘ट्रान्झिशन’ची जास्त होती, पण ‘लोटस’मध्ये व्हिएतनाम, पॅलेस्टाइन, अंगोला आणि भारत एका अंकात शेजारी बसत, आणि तशी सोय दुसरीकडे कोठे नव्हती.

लंडनच्या हाइनमान कंपनीच्या ‘आफ्रिकन रायटर्स सीरिज’विषयी बरेच लिहिले गेले आहे, म्हणून थोडक्यात सांगते. 1962 मध्ये ही मालिका सुरू झाली, अचेबे पहिली दहा वर्षे तिचा संपादकीय सल्लागार होता आणि त्यासाठी तो मानधन घेत नसे. ही पुस्तके स्वस्त कागदी बांधणीची होती आणि त्यांचा मुख्य आधार शाळा-महाविद्यालयांचे नेमलेले अभ्यासक्रम हा होता. अचेबेच्या स्वतःच्या पहिल्या हस्तलिखिताची कथा मात्र येथे सांगायला हवी: लागोसहून त्याने हाताने लिहिलेली एकुलती एक प्रत टंकलेखनासाठी लंडनच्या एका संस्थेकडे पाठवली, पैसे भरले, आणि महिनोन्महिने काहीच उत्तर आले नाही. नायजेरियन नभोवाणीतील त्याच्या वरिष्ठ इंग्रज बाई रजेवर लंडनला गेल्या असता त्यांनी त्या कचेरीत जाऊन कान उघाडणी केली, तेव्हा कोपऱ्यात धूळ खात पडलेले बाड बाहेर आले. सॅम्युएल जॉन्सनच्या हस्तलिखितानंतर साठ वर्षांनीही अवस्था ही होती. मालिकेत स्त्रियांची पुस्तके मोजकीच आली, हा तिचा ठळक दोष. 1966 मध्ये तिच्यात पहिली स्त्री लेखिका म्हणून आलेली फ्लोरा न्वापा पुढे नायजेरियात स्वतःचीच प्रकाशनसंस्था काढून बसली, आणि या निर्णयाला तिच्या कादंबऱ्यांइतकेच महत्त्व द्यावे असे मला वाटते.

न्गुगीविषयी वाचताना त्याच्या भाषाविषयक निबंधांपेक्षा आधी कामिरिथू गावाकडे लक्ष द्यावे. 1968 मध्ये नैरोबी विद्यापीठात त्याने, ओवूर-अन्युंबा आणि तबान लो लियोंग यांच्यासह, इंग्रजी विभाग रद्द करून आफ्रिकी साहित्य व मौखिक परंपरा यांना केंद्रस्थानी ठेवणारा विभाग काढावा असे टिपण दिले आणि अभ्यासक्रम खरोखर बदलला. तोपर्यंत सरकारला काही अडचण नव्हती. 1977 मध्ये लिमुरूजवळच्या कामिरिथूत शेतमजूर, कारखान्यातील कामगार आणि बेकार तरुण यांनी स्वतः बांधलेल्या उघड्या रंगमंचावर न्गुगीने न्गुगी वा मिरी या दुसऱ्या लेखकासह तेथील गिकुयू भाषेत लिहिलेले नाटक सुरू झाले. गावकरी तालमीत संवाद दुरुस्त करत, मजुरीचे आकडे चुकले तर लेखकांना सांगत. प्रेक्षकांची रीघ लागली आणि सुमारे दीड महिन्यात परवाना रद्द झाला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी न्गुगीला उचलले आणि खटल्याविना वर्षभर डांबले. त्याने पुढची गिकुयू कादंबरी तुरुंगातील शौचकागदावर लिहिली. ती 1980 मध्ये नैरोबीत छापली गेली तेव्हा प्रकाशकाला वाटले होते की पाच हजार प्रती खपायला तीन ते पाच वर्षे लागतील. महिन्याभरात पुनर्मुद्रण करावे लागले. इंग्रजीत सरकारवर टीका करणाऱ्या कादंबऱ्या त्याने आधीही लिहिल्या होत्या, पण तुरुंग मिळाला तो गिकुयू नाटकानंतर.

आता महाराष्ट्र आणि गोव्याच्या वाचकाला ज्या भागात थेट रस वाटावा त्याकडे वळते. पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या सरकारने 1944 मध्ये लिस्बनला वसाहतींतून येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृहवजा केंद्र काढले. हेतू त्यांना साम्राज्यनिष्ठ करण्याचा होता. प्रत्यक्षात पुढे गिनी-बिसाऊ आणि अंगोला येथील मुक्तिलढ्यांचे नेते झालेले अमिल्कार काब्राल व आगोश्तिन्यो नेतो आणि त्यांचे सोबती तेथेच एकमेकांना भेटले आणि 1965 मध्ये सरकारला ते बंद करावे लागले. या पोर्तुगीजभाषक विचारवंतांच्या गोतावळ्यात बारदेशात जन्मलेले अकिनो द ब्रागांसा होते. 1961 मध्ये कासाब्लांकाला पोर्तुगीज वसाहतींतील मुक्तिसंघटनांची आघाडी स्थापन झाली तेव्हापासून ते तिच्या कामात होते. अल्जिअर्समध्ये त्यांनी पत्रकारिता केली आणि मोझांबिक स्वतंत्र झाल्यावर मापुतोच्या एदुआर्दो मोंडलाने विद्यापीठातील आफ्रिकी अध्ययन केंद्राचे ते संचालक झाले. मंत्रिपद वा सल्लागारपद यांपेक्षा त्यांनी हे केंद्र जवळ केले. दक्षिण आफ्रिकेतून परागंदा झालेल्या रूथ फर्स्ट तेथे संशोधन संचालक होत्या. खाणींत कामाला जाणाऱ्या मोझांबिकी मजुरांवरचा त्यांचा अभ्यास आजही पायाभूत मानला जातो: विद्यार्थी आणि प्राध्यापक गावोगाव जाऊन मुलाखती घेत, कंत्राटाची मुदत, घरी आणलेली रक्कम, शेतीवर झालेला परिणाम नोंदवत आणि त्यातून सरकारपुढे कटू निष्कर्ष ठेवत. 17 ऑगस्ट 1982 रोजी दक्षिण आफ्रिकेच्या हेरखात्याने टपालाने पाठवलेल्या बॉम्बने रूथ फर्स्ट यांचा त्यांच्या कचेरीतच बळी घेतला. ब्रागांसा त्याच खोलीत होते आणि जखमी झाले. चार वर्षांनी राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्या विमान अपघातात तेही गेले. गोव्यात त्यांचे नाव जितके घेतले जावे तितके घेतले जात नाही, असे मला वाटते. केनियात 1965 मध्ये गोळ्या घालून मारले गेलेले पत्रकार व खासदार पियो गामा पिंटो, आणि युगांडातील भारतीयांच्या हकालपट्टीच्या वर्षीच, 1972 मध्ये, त्या वातावरणाचा आधीच अंदाज घेणारी कादंबरी प्रसिद्ध करणारे पीटर नाझरेथ हेही गोव्याच्या कुटुंबांतलेच.

मुंबईत जन्मलेले आणि कंपालात वाढलेले महमूद ममदानी त्याच 1972 च्या हकालपट्टीत बाहेर पडले आणि दार-एस-सलामला शिकवू लागले. ते विद्यापीठ तेव्हा समाजवादी वादविवादाचे माहेरघर होते. गयानाचे इतिहासकार वॉल्टर रॉडनी तेथे शिकवत होते, आणि युरोपने आफ्रिकेला कसे मागास ठेवले यावरचे त्यांचे पुस्तक 1972 मध्ये लंडनबरोबरच टांझानियातूनही निघाले. त्याआधी विद्यार्थ्यांनी ‘चेचे’ नावाचे स्टेन्सिलवर काढलेले नियतकालिक चालवले होते. इसा शिवजी यांनी त्यात टांझानियाच्या समाजवादाआड नोकरशहांचा नवा वर्ग कसा उभा राहतो आहे ते मांडले, आणि 1970 मध्ये न्येरेरे यांच्या सरकारने, जे आफ्रिकेतील सर्वांत मोकळ्या मनाच्या सरकारांपैकी मानले जात होते, त्या नियतकालिकावर आणि विद्यार्थी संघटनेवर बंदी घातली. डाव्या सरकारांना डावी टीका उजव्या टीकेहून जास्त झोंबते, याची उदाहरणे या शतकात पुष्कळ आहेत.

1980 च्या दशकात हे सारे झपाट्याने खचले. तेल आणि शेतमालाच्या किमती कोसळल्या, परकीय चलन संपले. नायजेरियाने 1982 मध्ये चलनावर निर्बंध आणताच लंडनहून पुस्तके मागवणे अशक्य झाले आणि हाइनमानच्या मालिकेचा कणा मोडला. जागतिक बँक आणि नाणेनिधी यांच्या संरचनात्मक समायोजन कार्यक्रमांत, म्हणजे कर्जाबरोबर येणाऱ्या खर्चकपातीच्या अटींत, प्राथमिक शिक्षणावर खर्च करा, विद्यापीठांवर नको, असा आग्रह होता. प्राध्यापकांचे पगार महागाईपुढे नगण्य झाले, ग्रंथालयांनी नियतकालिकांच्या वर्गण्या थांबवल्या, आणि जे जाऊ शकत होते ते अमेरिकेला, युरोपला व पुढे दक्षिण आफ्रिकेला गेले. मलावीचे थांडिका म्कांडाविरे यांनी या पार्श्वभूमीवर आफ्रिकी अभ्यासकांच्या तीन पिढ्या सांगितल्या: परदेशी शिकून परत आलेली पहिली, परदेशी शिकून तेथेच राहिलेली दुसरी, आणि मोडकळीला आलेल्या विद्यापीठांत घरीच शिकलेली तिसरी. स्वतः म्कांडाविरे डाकारच्या कोडेस्रिया या संस्थेचे कार्यकारी सचिव होते. 1973 मध्ये स्थापन झालेल्या या समाजशास्त्रीय संशोधन परिषदेने त्या दुष्काळात लहान संशोधन-अनुदाने, प्रबंध छापण्याची सोय आणि देशोदेशींचे कार्यगट चालू ठेवले, आणि 1990 मध्ये कंपाला येथे बौद्धिक स्वातंत्र्याचा जाहीरनामा तिच्याच पुढाकाराने झाला. तिचाही पैसा मुख्यतः स्कँडिनेव्हियन देशांकडून येत होता. विषय मात्र डाकारला ठरत.

तुमच्या शंकेला सैद्धांतिक उत्तर हवे असेल तर बेनिनचे तत्त्वज्ञ पॉलँ हुन्तोंजी वाचावेत. त्यांचा 1976 चा ग्रंथ वसाहतकालीन पाद्र्यांनी लिहिलेल्या ‘बांतू तत्त्वज्ञाना’वर हल्ला चढवतो: सबंध जमातीच्या डोक्यात न बोललेले एकच तत्त्वज्ञान असते ही कल्पना त्यांना मान्य नव्हती, तत्त्वज्ञान म्हणजे नावानिशी लिहिणाऱ्या आणि एकमेकांना खोडून काढणाऱ्या माणसांचे लेखन, असा त्यांचा आग्रह होता. पुढच्या लेखांत त्यांनी दाखवले की आफ्रिकेतील संशोधक माहिती गोळा करतो, सिद्धांत बाहेर तयार होतो, आणि तो संशोधकही बाहेरच्या वाचकाला डोळ्यांसमोर ठेवून लिहितो. यावर त्यांनी सुचवलेला उपाय परक्या भाषेवर वा परक्या ग्रंथांवर बहिष्काराचा नव्हता. आपले वाद आपल्या वाचकांपुढे, आपल्या नियतकालिकांतून चालावेत, हा होता.

व्यवहाराचे म्हणाल तर ‘ट्रान्झिशन’चे 1961 ते 1968 या काळातील अंक सलग वाचायला घ्यावेत, पत्रव्यवहार न गाळता, जुने अंक अंकीय संग्रहांत उपलब्ध आहेत आणि मोठ्या विद्यापीठ ग्रंथालयांतून मिळू शकतात. त्यात ज्यांची नावे वारंवार येतील त्यांची पुस्तके त्यानंतर काढावीत. फ्रेंच येत असेल तर 1956 च्या परिषदेचा ‘प्रेझांस आफ्रिकेन’चा विशेषांक सोबत ठेवावा. पोर्तुगीज वाचणारे अभ्यासक गोव्यात अजूनही आहेत, आणि मापुतोच्या केंद्राचे ‘एस्तुदोस मोसांबिकानोस’ हे नियतकालिक मराठीतून किंवा कोंकणीतून कोणी अजून नीट मांडलेले मी पाहिलेले नाही; प्रबंधाला विषय शोधत असाल तर तो तेथे आहे.